माफीतले घर

एकदा एका नदीकाठच्या नगरात एक वृद्ध आचार्य राहत होते, आणि त्यांचाच एक शिष्य, विश्वंभर, त्या नगराचा करप्रमुख होता. नगर तसे लहान, पण तिथल्या रंगाऱ्यांमुळे त्याचे नाव दूरवर पोचले होते. तिथली निळाई कितीही धुतली तरी उतरत नाही, असे शेजारच्या राज्यांतही बोलले जाई.

विश्वंभर कष्टाळू होता. लाचेच्या पैशाला त्याने कधी हात लावला नव्हता. मात्र चार वर्षांत त्याने घरपट्टी चार वेळा वाढवली होती. राज्याला पूल हवा होता, रस्ते हवे होते आणि खजिना रिता होता. राजधानीतून पत्र आले की विश्वंभर मोजणीची साखळी घेऊन बाहेर पडे. ‘राज्याच्या भवितव्याची चिंता वाहणारा माणूस,’ असे प्रधानांनी भर दरबारात त्याला म्हटले होते आणि ते शब्द त्याला फार आवडले होते.

पट्टी भरण्याच्या मुदतीतला एक दिवस. दुपारी विश्वंभर कचेरीच्या ओसरीवर आला तर बाहेरच्या रांगेत, ऐन उन्हात, आचार्य उभे. तो धावतच खाली उतरला.

“आचार्य, आपण इथे? निरोप धाडायचा होता, मी आलो असतो.”

“माझी पाळी येऊ दे,” आचार्य म्हणाले. “पुढे अजून बारा माणसं आहेत.”

विश्वंभरने पुष्कळ विनवले. ते हलले नाहीत. पाळी आली तेव्हा ते कारकुनाला म्हणाले, “माझ्या घराची मोजणी करून द्या. पट्टी भरायची आहे.”

कारकुनाने वही पाहिली. “आपलं घर माफीत आहे, महाराज, त्याला पट्टी नाही. चार वर्षांपासून.”

“म्हणूनच आलो.”

विश्वंभरला वाटले, म्हाताऱ्या माणसाची लहर असेल. त्यांचे मन राखावे म्हणून तो स्वतः साखळी घेऊन त्यांच्याबरोबर निघाला. दोन खोल्या आणि एक पडवी. मोजायला वेळ लागला नाही. तो साखळी गुंडाळू लागला तेव्हा आचार्य म्हणाले, “आता साखळी हातात आहेच, तर माफीतलं आणखी एखादं घर मोजू.”

आणि ते थेट धान्याच्या बाजारात गेले. नगरातल्या सर्वांत मोठ्या व्यापाऱ्याची दगडी इमारत तिथे होती. कराच्या वहीत तिची नोंद धर्मशाळा अशी होती. शेठजी हात जोडून सामोरे आले. “या, या, आचार्य! धर्मशाळेला पाय लागले आपले!” आत छतापर्यंत पोती रचलेली होती. एखाद्या वाटसरूला टेकायचे म्हटले तरी जागा नव्हती. आचार्यांनी एकवार सगळीकडे पाहिले, पाणीही न घेता नमस्कार केला आणि बाहेर पडले.

रस्त्यावर येताच विश्वंभर बोलू लागला. कोणी काही विचारले नव्हते, तरी बोलू लागला. “मला माहीत आहे, आचार्य. पण शेठजींनी तीनदा बजावलंय, पट्टी लावलीत तर पेढी शेजारच्या राज्यात नेईन. ते गेले तर इथला व्यापार बसेल. शेवटी राज्याचं पुढे काय, याचाही विचार करावा लागतो.”

“आणि त्यांच्या पट्टीची तूट?”

“ती थोडी थोडी सगळ्या घरांवर वाटली. कोणाला फारसं जड जाऊ नये म्हणून.”

आचार्य रंगाऱ्यांच्या आळीत वळले.

आळीत एक बैलगाडी उभी होती. गोंदाजी रंगारी आणि त्याची बायको तुळसा गाडीत रंगाचे रांजण चढवत होती. रांजणांना गवताचे वेढे घातले होते, तडा जाऊ नये म्हणून. विश्वंभरला पाहताच गोंदाजीने हातातला दोर खाली ठेवला.

“बरं झालं, कारभारी, इथंच भेटलात. यंदाची पट्टी राहिली होती. सकाळपासून रांगेत होतो, पण गाडीवाला खोळंबला म्हणून परत फिरलो.” त्याने कमरेची पुरचुंडी सोडून पुढे केली. “मोजून घ्या. पुरती आहे.”

“कुठे निघालास?”

“नदीपल्याड, मेव्हण्याच्या गावाला. धाकटा भाऊ गेल्या सालीच तिकडं राहायला गेला, त्याचं बरं चाललंय.”

“पण मग मला सांगायचं नाही का, गोंदाजी?”

गोंदाजीने अवघडून बायकोकडे पाहिले. उत्तर तुळसाने दिले. “सांगितलं होतं की. दोन सालांमागं तुम्ही अंगण मोजत होता तेव्हा. म्हटलं, कारभारी, ह्याच्यावर छप्पर नाही, इथं नुसतं कापड वाळतं. तुम्ही म्हणालात, नियम आहे.”

तिच्या आवाजात राग नव्हता. विश्वंभरला ती दुपार आठवली. तो तसे म्हणाला होता, आणि साखळीचे टोक धरायला तिलाच सांगितले होते. त्याने आळीभर नजर फिरवली. कापड वाळवायच्या दोऱ्या अंगणाअंगणांत रिकाम्या होत्या. आठ दारांना कुलपे होती. या आळीतून तो महिन्यातून दोनदा घोड्यावरून जात असे.

“हे पैसे राहू देत,” तो कसाबसा म्हणाला. “थांब तू. मी पट्टी कमी करतो, अंगण काढून टाकतो.”

“रांजण निम्मे पोचलेसुद्धा, कारभारी. पोरगा तिकडं कामाला लागला.” गोंदाजीने पुरचुंडी त्याच्या हातात ठेवली. “घ्या. वडिलांनी ह्याच नदीत कापडं धुतली. मागं बाकी ठेवून जायचं नाही.”

गाडी वळणाआड गेली तेव्हा विश्वंभर पुरचुंडी धरून तसाच उभा होता. मान वर करून गुरूकडे पाहण्याचे बळ त्याच्यात नव्हते. खालीच पाहत तो म्हणाला, “हे दाखवायलाच आपण मला आणलंत ना?”

“नाही, मला स्वतःलाच बघायचं होतं,” आचार्य म्हणाले. “शेठजींनी तीनदा सांगितलं की जातो, आणि ते इथेच आहेत. गोंदाजीनं तुला जातो असं एकदाही म्हटलं नाही, आणि तो गेला. ज्याच्या जाण्यानं राज्य ओस पडतं तो धमकी द्यायला कचेरीत येत नाही, विश्वंभर. हे तुला आज कळलं. पण मला ते चार वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. तू माझं घर माफीत घातलंस, हे मला तेव्हाच ठाऊक झालं होतं. शिष्याचं प्रेम म्हणून मी सुखावलो आणि गप्प बसलो. काल गोंदाजी निरोप घ्यायला आला, माझ्या पाया पडला. त्याच्या पट्टीत माझी पट्टी होती, आणि तो माझ्या पाया पडत होता. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी रांगेत जाऊन उभा राहिलो. तुला काही शिकवावं एवढा अधिकार आज माझ्याकडे नाही.”

विश्वंभरने विचारले, “आता मी काय करू?”

“आधी त्याच्या नावाची पावती लिही आणि गाडी गाठून त्याला दे. मग पुढचं. आणि ही लाज लवकर पुसून टाकू नकोस. आपल्यासारख्यांची लाज फार दिवस टिकत नाही.”

विश्वंभरने घाटावर गाडी गाठली आणि उभ्याउभ्या पावती दिली. पुढच्याच महिन्यात माफीची यादी रद्द झाली. पहिले नाव आचार्यांचे काढले गेले, दुसरे शेठजींचे. शेठजींनी चौथ्यांदा धमकी दिली, महिनाभर कुरकुर केली आणि पट्टी भरून तिथेच राहिले. अंगणे करातून वगळली गेली. आळीतली तीन कुलपे वर्षभरात उघडली.

गोंदाजी परतला नाही. हल्ली उत्तम निळे कापड हवे असले की नगरातले लोक नदीपल्याडच्या बाजारातून आणतात. प्रधानांनी पुढे एकदा दरबारात विश्वंभरचे पुन्हा तसेच कौतुक करायला सुरुवात केली, तेव्हा त्याने हात जोडून त्यांना मध्येच थांबवले आणि तो खाली बसला.

आपल्या नावापुढे सवलत लिहिली जाते तेव्हा ती कोणाच्या पट्टीत चढली, एवढे तरी आपण विचारावे.