वांग्यानं मान टाकली

नळ यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. भर दुपारी वांग्याच्या रोपानं मान टाकली. खुरपं तणतणत त्याच्या मुळाशी आलं. "मेलं हे! आता उपटायलाच हवं."

"थांब रे बाबा," बांधावर चपटी पडलेली चामड्याची पखाल म्हणाली. "मी तरी आत्ता कशी दिसतेय?"

"मेल्यासारखीच!"

तेवढ्यात केरबा माळ्यानं ती विहिरीवर नेऊन भरली. टम्म फुगलेली पखाल रोपाच्या आळ्यात ओतली जाता जाता म्हणाली, "मुळं शाबूत आहेत ना? मग पी पोटभर. तुझ्या पानांतही माझ्यासारख्याच इवल्या इवल्या पखाली आहेत, त्या नुसत्या रिकाम्या झाल्यात."

दिवस कलला तशी वांग्याची मान वर आली. खुरप्यानं मात्र आपली मान खाली घातली आणि गुपचूप आळं भुसभुशीत करायला घेतलं.