उशिराची आज्ञा

"...पण सर, एकदा सोडलेली आज्ञा मध्येच अडवता येत नाही, असं कसं? काहीतरी वाट असेलच की!"

सौमित्रने चपलासुद्धा धड काढल्या नव्हत्या. एक पायरीवर, एक ओवरीत.

दत्ताच्या देवळाच्या त्या ओवरीत राजवाडे सर चटईवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. एके काळी त्यांनी कॉम्प्युटरवाली मोठमोठी पोरं घडवली. आता नदीकाठी एकटेच राहतात, म्हणून गाव त्यांना 'ओवरीतले सर' म्हणतं. सौमित्र त्यांचा लाडका विद्यार्थी. सर थट्टेने म्हणायचे, माझ्यापेक्षा स्वतःचाच जास्त लाडका.

"ही कॉम्प्युटरची भाषा तुला कुणी शिकवली?"

"तुम्हीच."

"तेव्हा काय सांगितलं होतं?"

"काहीतरी घडलं की ती जागी होते. दार उघडलं, दिवा लागला, की जागी. आणि 'हे थोड्या वेळाने कर' असं सांगून ठेवलं, की ती आज्ञा आपल्या वाटेने निघून जाते. परत बोलावता येत नाही."

"पाठ आहे की तुला."

सौमित्र चटईच्या कडेला टेकला.

त्याचं असं झालं होतं. सौमित्र पुण्यात, आईवडील इथे गावात. अण्णांचं हृदय नाजूक, पण परसातल्या अळवाला पाणी घातल्याशिवाय त्यांना चैन पडेल तर शपथ! दमून आत यायचे आणि गोळी विसरायचे. पोरगा हुशार. त्याने फळीवर एक छोटी पेटी बसवली. परसात जाताना दार उघडलं की पेटी जागी व्हायची, आणि ठरावीक वेळाने, अण्णा परत येऊन खुर्चीत टेकायच्या सुमाराला सौमित्रच्याच आवाजात बोलायची, "आलात का अण्णा? गोळी घ्या." मग आणखी जराशाने, "शाबास, अण्णा! आता पडा जरा."

सगळ्या आळीला कोण कौतुक! भिंतीपलीकडच्या शेवंताबाई तर ते 'शाबास' ऐकूनच आमटीला फोडणी द्यायच्या. सौमित्रने ही गोष्ट पुण्यात चारचौघांना छाती फुगवून सांगितली होती. पूर्वी तो रोज सकाळी घरी फोन करायचा. तो मात्र हळूहळू राहूनच गेला. पेटी होती ना.

"त्या दिवशी अण्णा परसात पडले, सर. आई पुढच्या खोलीत तांदूळ निवडत होती. पेटी म्हणाली, शाबास, अण्णा. आईला वाटलं, आले, गोळी घेतली, आडवे झाले. शेवंताबाईंनाही तसंच वाटलं. कुणी... कुणी बघायलाच गेलं नाही."

सरांचा हात थांबला.

"प्रोग्राममध्ये चूक नव्हती, सर. मी पुन्हा पुन्हा तपासलाय. त्या दिवशीसुद्धा अगदी वेळेवर बोलला."

"तेच तर."

...

"आज्ञा निघाली तेव्हा अण्णा उभे होते?"

"होते. दार त्यांनीच उघडलं."

"आणि पोचली तेव्हा?"



"कळतंय मला," तो एकदम चिडून म्हणाला. "बोलायच्या आधी खुर्चीत माणूस आहे का ते बघ, नसेल तर ओरड. दोन ओळींचं काम! लिहिणार होतो, राहून गेलं. पण निघालेली आज्ञा अडवायची सोय भाषेतच असती, तर..."

"तर काय? अण्णा पडले, हे तुला पुण्यात बसून कळलं असतं?"

नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं.

"पेटी काढलीस?"

"त्याच दिवशी. पण आई... दिवस झाले, पाहुणे गेले. घरात ती आणि मी. मी हाक मारली की ती माझ्याकडे बघतच नाही, सर. फळीकडे बघते. रिकाम्या फळीकडे! आणि ओ देत नाही."

...

"परवा मला परत जायचंय. रजा संपली. आईसाठी नवी पेटी बसवून जाईन म्हणतो. या वेळी अडवता येणारी, आधी बघून मग बोलणारी. म्हणून विचारतोय. सांगा ना वाट."

सरांनी टरफलं बाजूला सारली.

"मला विचार, जेवलात का."

"आँ?"

"विचार."

"सर, जेवलात का?"

सर भिंतीला टेकले, डोळे मिटून घेतले.

...

"सर, जेवलात का?" जरा मोठ्याने.

काही नाही. पापणीसुद्धा हलली नाही.

सौमित्र उठला. टरफलं पायाखाली कुरकुरली. सरांसमोर गुडघे टेकून त्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, वाकून तोंडाकडे पाहिलं. ओठ सुकून पांढरे पडलेले. सोललेल्या दाण्यांतला एकही तोंडात गेलेला नव्हता. गालफडं किती बसली होती! मघापासून समोर होता, पण हे त्याला दिसलंच नव्हतं.

"सर... तुम्ही कालपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

सरांनी डोळे उघडले.

"आता विचारलंस."

सौमित्रचा हात तिथेच राहिला.

"आईला असं विचारलं... तर ती ओ देईल?"

"तेही आधीच ठरवून घ्यायचंय तुला?"

...

"आणि नाही दिली तर, सर?"

सरांनी त्याचा हात गुडघ्यावरून उचलला आणि हळूच खाली ठेवला.

"तेव्हा तू तिथे असशील?"