उद्याचा चोर

"जो उद्या चोरी करणार आहे, त्याला आज दिवस मावळायच्या आत दरबारात हजर कर. नाही जमलं, तर उद्या सकाळी तुझं घर आणि इनामाची जमीन जप्त!"

इसलपूरच्या धुरंधरराजांनी हा हुकूम सोडला तो गावाची राखण करणाऱ्या दौलू जागल्यावर. राजांनी गेल्या वर्षी गुन्हे रोखण्याचं शास्त्र शिकवणारी पाठशाळा काढली होती. तिथे वर्षभर खल करून त्र्यंबकशास्त्र्यांनी शोध लावला, की चोरीमागे बहुधा चोर असतो. सगळ्या दरबाराने माना डोलावल्या. तेव्हा गुन्हा घडण्याआधीच गुन्हेगार धरावा, म्हणजे गुन्हा घडतच नाही, असा सिद्धांत ठरला. राहिलं प्रात्यक्षिक. ते शास्त्रीबुवांनी करायचं म्हणजे त्यांच्या विद्वत्तेचा अपमानच, म्हणून ते दौलूच्या गळ्यात पडलं.

दौलू घरी येऊन डोकं धरून बसला. "चोरी करून पळालेल्याचा माग मी काढीन. पर जो अजून घरनं निघालाच न्हाई, त्याचं पाऊल कुठं हुडकू?"

त्याची लेक म्हाळसा भाकरी थापत होती. तिने हात धुतले. "आबा, तुमी जेवून घ्या. मी आले जाऊन."

दिवस कलताना ती दरबारात उभी राहिली, एकटीच.

"चोर कुठाय?" राजांनी विचारलं.

"घावला, महाराज. उद्या सकाळी एका निरपराध माणसाचं घरदार लुटलं जाणार हाय."

शास्त्रीबुवा हरखले. "पाहिलंत? सिद्धांत खरा ठरला!"

"कुणाचं घर?" राजे पुढे झुकले.

"आमचं. माझ्या बापानं कुणाचं काडीचंबी वाईट केलं न्हाई, तरी जाणार."

"लुटणार कोण?"

"आपली रीत हाय, महाराज. चोरीचा माग ज्याच्या उंबऱ्याशी थांबंल, त्या घरानं जाब द्यायचा. मी उद्याचा माग आजच काढला. घर रिकामं करायला शिपाई येणार. त्यांच्याकडं गेले, त्यांनी कोतवालाकडं बोट दावलं. कोतवालसाहेब म्हणाले, हुकूम वरचा. मग वर आले." तिने दरबाराच्या उंबऱ्याकडे पाहिलं. "माग हितं थांबतोय."

कोतवाल छताची नक्षी न्याहाळू लागले.

"म्हणजे चोर मी?" राजांचा आवाज चढला.

"अजून न्हाई, महाराज. सकाळ व्हायची हाय. शास्त्रीबुवा म्हणत्यात, आधीच धरलं तर गुन्हा घडतच न्हाई. म्हणून धरायला आले."

राजे असे खदाखदा हसले, की त्यांची पगडी मांडीवर आली. "शास्त्रीबुवा, तुमचं प्रात्यक्षिक झालं बरं का यशस्वी!"

जप्तीचा हुकूम तिथेच फाडला गेला आणि इनामाची जमीन दौलूला कायमची मिळाली. पाठशाळा अर्थातच बंद झाली नाही. राजाने काढलेली पाठशाळा कधी बंद होते का? फक्त दुसऱ्या दिवसापासून तिथल्या गुरूच्या गादीवर म्हाळसा बसली, आणि समोर पहिल्या ओळीत मांडी घालून त्र्यंबकशास्त्री.