चुनीची भाकरी गेली कालच्या दिवसात

एका गावाचं आभाळ गोधडीचं होतं.
निळी चिंधी, पांढरी चिंधी, मध्येच एक लाल चिंधी. गावाच्या कडेला हे आभाळ जमिनीला टेकायचं.
आभाळाच्या अलीकडे होता आज. आभाळाच्या पलीकडे होता काल. आजचं सगळं इकडे. कालचं सगळं तिकडे.

आभाळ टेकायचं तिथेच एक बीळ होतं. बिळात चुनी चिचुंद्री राहायला आली. नवीनच आली. इवलीशी चुनी. लांब नाक, बारीक डोळे.

चुनीने नाचणी दळली. घुर्र घुर्र.
भाकरी थापली. थप थप थप.
टम्म फुगली. नव्या बिळातली पहिली भाकरी.
चुनीने ती दाराशी निवायला ठेवली.

टर्र.
आभाळाला चीर पडली. भाकरीएवढी.
भाकरी घरंगळली. गडगड गडगड. चिरीतून आरपार गेली.
आजची भाकरी कालच्या दिवसात पडली.

चुनीने चिरीत नाक घातलं. वास आला. भाकरी काही हाताला लागली नाही. आभाळाच्या पोटात आवाज झाला. गुडगुड गुडगुड.
"उपाशी आहे वाटतं," चुनी म्हणाली.

चुनीच्या आईकडे एक रीत होती. गोधडी शिवायची. शेवटचा टाका राहिला की थांबायचं. गोधडीच्या पोटात भाकरीचा एक घास ठेवायचा. मग टाका घालायचा. घास नाही ठेवला तर गोधडी उपाशी राहते. उपाशी गोधडी फाटते.

चुनी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बोरीच्या काट्यांत सुईताई राहायची.
"सुईताई, सुईताई, आभाळ शिव ना."
"का गं?"
"चीर मिटेना,
माझी भाकरी मिळेना.
हे बरं आहे का?"

सुईताई म्हणाली, "नवी आहेस ना? आमच्याकडे असंच असतं. अगं, कालच तर शिवलं आम्ही सगळ्यांनी."
"आणि घास ठेवला का?"
"ठेवला असेल कुणीतरी. कोळीभाऊ दोरा देईल, तर मी शिवेन. नाहीतर नाही."

टर्र.
चीर ताटाएवढी झाली.
बेडकाने उडी मारली आज. पडला काल.

चुनी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

कोळीभाऊ फांदीला लटकला होता. झुलत होता. झुळझुळ, झुळझुळ.
"कोळीभाऊ, कोळीभाऊ, दोरा दे ना."
"का गं?"
"सुई शिवेना,
चीर मिटेना,
माझी भाकरी मिळेना.
हे बरं आहे का?"

कोळीभाऊ म्हणाला, "नवी आहेस ना? आमच्याकडे असंच असतं. दोरा काढतो, वारा तोडतो. वारा थांबेल, तर मी दोरा देईन. नाहीतर नाही."

टर्र.
चीर दाराएवढी झाली.
बोरीवरची पिकलेली बोरं पुन्हा हिरवी झाली. मग फुलं झाली. मग तीही गेली.

चुनी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वारेदादा माळावर पळत होता. सूं सूं, सूं सूं. उडून जाऊ नये म्हणून चुनीने एक दगड घट्ट धरला. मग बोलली.
"वारेदादा, वारेदादा, थांब ना."
"का गं?"
"कोळी दोरा देईना,
सुई शिवेना,
चीर मिटेना,
माझी भाकरी मिळेना.
हे बरं आहे का?"

वारेदादा म्हणाला, "नवी आहेस ना? आमच्याकडे असंच असतं."
"आणि घास ठेवला का?"
"ठेवला असेल कुणीतरी. डोंगर उठून आडवा येईल, तर मी थांबेन. नाहीतर नाही."

टर्र.
चीर अंगणाएवढी झाली.
बदकाचं पिल्लू परत अंड्यात गेलं. आतून म्हणालं, "आत्ता तर बाहेर आलो होतो."

चुनीचं नाक लाल झालं. रागाने.
चुनी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

डोंगरआजोबा पाय पोटाशी घेऊन झोपले होते. घुर्र फूं, घुर्र फूं.
चुनीने त्यांच्या अंगठ्याला गुदगुली केली.
"डोंगरआजोबा, डोंगरआजोबा, उठा ना."
"का गं बाळ?"
"वारा थांबेना,
कोळी दोरा देईना,
सुई शिवेना,
चीर मिटेना,
माझी भाकरी मिळेना.
हे बरं आहे का?"

डोंगरआजोबा म्हणाले, "नवी आहेस ना? आमच्याकडे असंच असतं. थंडी किती पडलीये. सूर्य वर येईल, तर मी उठेन. नाहीतर नाही."
आणि कूस बदलली. धडाड धूम.

टर्र.
चीर तळ्याएवढी झाली.
अर्धं तळं आज राहिलं. अर्धं तळं काल गेलं. मासे मधोमध थांबले. कुठे जायचं ते त्यांना कळेना.

चुनी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

सूर्यकाका अर्धेच वर आले होते. नाकापर्यंत.
"सूर्यकाका, सूर्यकाका, वर या ना."
"का गं?"
"डोंगर उठेना,
वारा थांबेना,
कोळी दोरा देईना,
सुई शिवेना,
चीर मिटेना,
माझी भाकरी मिळेना.
हे बरं आहे का?"

सूर्यकाका म्हणाले, "नवी आहेस ना? आमच्याकडे असंच असतं. न बोलावता मी कुठे जात नाही. कोंबडा आरवेल, तर मी वर येईन. नाहीतर नाही."

टर्र.
चीर वाढत वाढत चुनीच्या दारात आली. अर्धा उंबरा काल गेला.

आता चुनी चालली नाही. पळाली. तुरुतुरुतुरुतुरु.

कोंबडेराव उकिरड्यावर उभे होते. तुरा ताठ. मान ताठ. एक पंख अंगाशी घट्ट.
"कोंबडेराव, कोंबडेराव, आरवा ना."
"का गं?"
"सूर्य वर येईना,
डोंगर उठेना,
वारा थांबेना,
कोळी दोरा देईना,
सुई शिवेना,
चीर मिटेना,
माझी भाकरी मिळेना.
हे बरं आहे का?"

कोंबडेराव म्हणाले, "नवी आहेस ना? आमच्याकडे असंच असतं. आज कुठला, काल कुठला, काही कळत नाही. आरवू कधी? चीर मिटेल, तर मी आरवेन. नाहीतर नाही."

"चीर मिटेल तर?" चुनी म्हणाली. "अहो, चीर मिटावी म्हणूनच तर आले."
"मग मिटव आधी."
"आणि घास? घास ठेवला का?"
कोंबडेराव आभाळाकडे बघायला लागले. "ठेवला असेल कुणीतरी."

कुणीतरी. कुणीतरी. कुणीतरी.
चुनी परत फिरली. थेट चिरीपाशी गेली. चिरीच्या काठावर बसली. नाक आत घातलं. डोळे बारीक केले.
पलीकडे काल होता. अख्खा काल.

कालच्या दिवसात सगळे जमले होते. आभाळ शिवत होते. सूर्य वर होता. डोंगर उभा होता. वारा गप्प होता. कोळी दोरा देत होता. सुई टाके घालत होती. शेवटचा एक टाका राहिला.
"घास कोण ठेवणार?" कालची सुई म्हणाली.
"मी ठेवतो," कालचे कोंबडेराव म्हणाले. त्यांच्या चोचीजवळ भाकरीचा घास होता.
सगळ्यांनी पाठ फिरवली. कोंबडेरावांनी इकडे पाहिलं. कोंबडेरावांनी तिकडे पाहिलं.
गट्टम.

चुनीने नाक बाहेर काढलं. आता तिचे कानही लाल झाले होते.
चुनीचा आवाज इवलासा. पण आज तो मोठा झाला.
"सुईताई, इकडे ये. कोळीभाऊ, इकडे ये. वारेदादा, डोंगरआजोबा, सूर्यकाका, तिथूनच वाकून बघा. कोंबडेराव, तुम्ही सगळ्यांत पुढे या."

सगळ्यांनी चिरीतून पाहिलं.
कालच्या कोंबडेरावांनी पुन्हा इकडे पाहिलं. पुन्हा तिकडे पाहिलं.
गट्टम.

सगळे कोंबडेरावांकडे वळले.
"आमच्याकडे..." सुईताई म्हणाली. आणि थांबली.
कोंबडेरावांचा तुरा वाकला. मान वाकली.
"एकच तर घास होता," ते म्हणाले.
"एकच लागतो," चुनी म्हणाली. "आता आरवा."

कोंबडा आरवला. कुकूच कू.
सूर्य वर आला. झळझळ झळझळ.
डोंगर उठला. धडाड धूम.
वारा थांबला. सूं... गप्प.
कोळीने दोरा दिला. सर्र सर्र.
सुई शिवू लागली. टुच टुच, टुच टुच.

चीर तळ्याएवढी होती, अंगणाएवढी झाली. तळं जुळलं. मासे हलले.
चीर दाराएवढी झाली. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. टक टक टक. दुसऱ्यांदा आलं.
चीर ताटाएवढी झाली. बोरीला बोरं आली. बेडूक कालमधून निघाला आणि आजमध्ये पडला. थप्प.
चीर भाकरीएवढी झाली.
गडगड गडगड. भाकरी बाहेर आली. चुनीच्या पायाशी थांबली. अजून गरम होती.
चुनीने ती दोन्ही हातांनी धरली.

सुईताई शेवटच्या टाक्यापाशी थांबली. आभाळ म्हणालं, गुडगुड गुडगुड.
सगळ्यांनी चुनीच्या भाकरीकडे पाहिलं.
"चुने," सुईताई म्हणाली, "तू नवी आहेस ना? तेवढा एक घास दे की."
"नाही," चुनी म्हणाली. "दळली मी. थापली मी. तुमच्या दारोदार फिरले मी. घास ज्यांनी खाल्ला, ते देतील."

कोंबडेरावांनी पंख अंगाशी आणखी घट्ट केला.
"तो पंख उचला," चुनी म्हणाली.
कोंबडेरावांनी पंख उचलला. पंखाखाली अर्धी भाकरी. उद्यासाठी लपवलेली.
सगळे म्हणाले, "अस्सं."
कोंबडेरावांनी एक घास तोडला. छोटासा.
चुनीने पाहिलं.
कोंबडेरावांनी मोठा घास तोडला. आभाळाच्या पोटात ठेवला.
या वेळी कुणी पाठ फिरवली नाही.

टुच. शेवटचा टाका.
आभाळाचं गुडगुड थांबलं. मग आभाळाने ढेकर दिला. ढुर्र. ढेकरातून एक छोटासा ढग बाहेर आला.
आजचं सगळं इकडे राहिलं. कालचं सगळं तिकडे राहिलं. चुनीचा उंबरा अख्खा झाला.

चुनी उंबऱ्यावर बसली. भाकरी खाऊ लागली. कुटुम कुटुम. कुणाला विचारलं नाही. कुणी मागायला आलं नाही.

तेवढ्यात बदकाचं पिल्लू आलं. डुलत डुलत. त्याने चुनीकडे पाहिलं. मग मान वर करून टाक्यांकडे पाहिलं.
"मी नवीन आहे," पिल्लू म्हणालं. "दोनदा नवीन आहे. इथे आभाळ फाटतं का?"

सुईने तोंड उघडलं. कोळीने तोंड उघडलं. वाऱ्याने, डोंगराने, सूर्यानेही उघडलं. कोंबड्याने तर चोच वासलीच.
चुनीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं.
सगळी तोंडं मिटली.

"नाही," चुनी पिल्लाला म्हणाली. "आमच्याकडे असं नसतं."
आणि तिने भाकरीचा वरचा पापुद्रा काढला आणि पिल्लाला दिला.
फक्त पिल्लाला.