शिंपीण आणि पलीकडच्या तीरावरची जकात

खाडीच्या अलीकडच्या रानात, उंच सावरीच्या आडोशाला, एक शिंपीण राहत असे. मुलांनो, शिंपी नावाचा एक इवलासा पक्षी असतो. तो चोचीने पाने शिवतो, म्हणून त्याला हे नाव. त्याचीच ही मादी. दोन रुंद पाने घ्यायची, त्यांच्या कडा जुळवायच्या, कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवायचा आणि आत सावरीचा मऊ कापूस भरायचा, की झाली झोळी तयार. आपली अंडी घालून झाल्यावरही तिची चोच स्वस्थ बसत नसे. ती शेजाऱ्यांसाठी झोळ्या शिवी. तिच्या झोळीत ठेवलेले पिल्लू रडत नाही, असे रानातल्या आया म्हणत आणि झोळीच्या बदल्यात तिला सुकी बोरे देत.

शिंपीण स्वभावाने गोड होती. गिऱ्हाइकाशी बोलताना कापूस किती मऊ, टाके किती बारीक, हे ती रंगवून सांगे. पण कुणाच्या कपाळाला आठी पडेल असा विषय निघाला, की ती चटकन दुसरे काहीतरी बोलू लागे.

रानातले पोपट पेरू खायला खाडीपलीकडे जात. तिथे बसून त्यांनी झोळ्यांचे वर्णन केले आणि पलीकडच्या रानातल्या आयांच्या तोंडाला पाणी सुटले. झोळी डोळ्यांनी न पाहता, नुसत्या पोपटांच्या सांगण्यावर मागण्या येऊ लागल्या. पोपट मागणी आणत, येताना बोरेही आणत. थोड्या बोरांच्या बदल्यात झोळ्या पोचवायचे काम करकोच्याकडे होते. त्याचे पंख मोठे आणि बोलणे थोडके.

पहिली झोळी चोचीत घेण्याआधी तो म्हणाला, "शिंपीणबाई, पलीकडे उतरलं की नाका लागतो. बाहेरून आलेल्या मालावर तिथे जकात द्यावी लागते. पाच बोरांच्या मालाला एक बोर. माल घेणाऱ्यानं द्यायची असते. तुमच्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे ना?"

"असेल की," शिंपीण म्हणाली. "त्यांचं रान, त्यांचा नाका. त्यांना नाही तर कुणाला ठाऊक असणार? आणि हो, झोळी जरा जपून धरा, कापूस नवा आहे."

करकोचा झोळी चोचीत धरून उडाला. पहिली झोळी एका बगळीकडे गेली, दुसरी एका बुलबुलीकडे. दोघींनी कुरकुर करत का होईना, नाक्यावर जकात भरली. शिंपिणीच्या कानावर ती कुरकुर आली, पण तिने ती मनावर घेतली नाही.

मग एका खारीची मागणी आली. तिला पहिलीच पिल्ले व्हायची होती. तिचे झाड वाऱ्याच्या तोंडावर होते आणि ढोलीत थंडी शिरत होती. खारींची पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांच्या अंगावर केससुद्धा नसतात, हे शिंपिणीला माहीत होते. तिने कापसाचा थर दुप्पट केला, पानांना दोनदा टाके घातले आणि मोठ्या मायेने झोळी पाठवली.

पण संध्याकाळी करकोचा परत आला, तेव्हा झोळी त्याच्या चोचीतच होती. खाडीच्या वाऱ्याने तिची एक कड उसवली होती.

"खारूताई झोळी घ्यायला नाक्यावर आल्या होत्या," तो म्हणाला. "जकात मागितल्यावर त्यांना काही सुचेना. होती तेवढी बोरं त्यांनी तुम्हाला आधीच पाठवली होती. मागे रांग लागलेली. थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि तशाच निघून गेल्या."

दुसऱ्या दिवशी पोपटाने खारीचा निरोप आणला. तो सांगताना पोपटालाही जड जात होते. खार म्हणाली होती, "भाव सांगताना गोड बोललीस आणि चारचौघांत मला मान खाली घालायला लावलीस. यापुढे मी कुणाला तुझं नाव सुचवणार नाही."

हे शिंपिणीला फार लागले. आधी तिला राग आला तो नाक्यावर जकात घेणाऱ्या साळिंदराचा. "पानं मी शिवली, झोळी करकोच्यानं वाहिली. साळिंदर नुसता बसून असतो, त्याला कशाचं बोर द्यायचं?" ती स्वतःशीच पुटपुटली.

झाडाखालून जाणाऱ्या कोल्ह्याने ते ऐकले. तो सुकवलेले खेकडे पलीकडे विकत असे.

"एवढंच ना?" कोल्हा म्हणाला. "करकोच्याला सांग, विक्रीचा माल आहे असं म्हणू नकोस. मैत्रिणीनं भेट पाठवली आहे असं म्हण. भेटीवर जकात नसते. मी तर नेहमी असंच करतो."

शिंपिणीला क्षणभर ते पटले. मग तिच्या मनात आले, की साळिंदरासमोर खोटे बोलणार तो करकोचा आणि पकडली गेली तर अडकून पडणार ती खारीची झोळी. आपण तर इथे सावरीवर बसलेल्या असू. तिने कोल्ह्याला हो म्हटले नाही, की नाही म्हटले नाही. झोळीची उसवलेली कड शिवली, खारीने पाठवलेली बोरे एका पानात बांधली आणि करकोच्याला म्हणाली, "उद्या मलाही पाठीवर घ्या. नाका बघायचा आहे."

नाका म्हणजे दोन चिंचांच्या मधे टाकलेला एक बांबू होता. बांबूपाशी साळिंदर बसला होता. येणाऱ्याला तो नमस्कार करी, माल कुठून आला, कुणासाठी आला, ते विचारी आणि वाटा घेऊन बांबू उचली. शिंपीण आपल्या पाळीची वाट पाहत रांगेत उभी राहिली.

तिच्या पुढेच दुसरा एक करकोचा होता. त्याच्या चोचीत पळसाच्या पानांचा पुडा होता आणि तो घ्यायला एक मुंगूस आला होता.

"भेट आहे," करकोचा म्हणाला. "पलीकडच्या कोल्ह्याकडून."

"छान," साळिंदर म्हणाला आणि मुंगसाकडे वळला. "कोल्हेदादा तुमचे कोण लागतात?"

"माझे?" मुंगूस गोंधळला. "माझे कुणी नाहीत. भेट कसली, मी चांगली बारा बोरं दिली आहेत या खेकड्यांची."

रांगेतले दोघेतिघे हसले. साळिंदर मात्र हसला नाही. त्याने पुडा बाजूला ठेवला आणि मुंगसाला समजावले, की माल खोटे सांगून आणला गेला आहे, तो आता दुप्पट जकात भरल्यावरच सुटेल. "मी कुठे खोटं बोललो?" मुंगूस केविलवाणा होऊन म्हणाला. खरेच, तो बोललाच नव्हता. कोल्हा तर तिथे नव्हताच. मुंगूस खेकडे तिथेच सोडून पाय ओढत निघून गेला. शिंपिणीने त्याला जाताना पाहिले आणि तिला खार आठवली.

तिचा नंबर आला. "साळिंदरकाका," ती म्हणाली, "ही झोळी मी विकली आहे. जकात मी भरते. पण रागावणार नसाल तर विचारते, हा वाटा तुम्ही कशाला घेता?"

"रागवायचं काय त्यात?" साळिंदराने मागे बोट दाखवले. चिंचांच्या पलीकडे मातीचा एक लांब बांध होता. त्याच्या एका बाजूला खाडीचे खारे पाणी आणि दुसऱ्या बाजूला गोड्या पाण्याचे तळे. दोन कासवे फुटलेल्या जागी चिखल लिंपत होती. "त्या बांधाची डागडुजी करणाऱ्यांना या बोरांतून देतो. बांध फुटला तर सगळं रान तहानेलं राहील. इथली उंदरीण गवताची अंथरुणं विकते, तीही वाटा देते. मग बाहेरच्या मालाला सूट दिली, तर तिनं काय करायचं?"

शिंपीण बांधाकडे पाहत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण खारूताई इथल्याच. त्यांना हे ठाऊक असायला हवं होतं."

"त्यांनी याआधी बाहेरून काही मागवलंच नव्हतं. ज्याला कधी नाक्यावर यावं लागलं नाही, त्याला नाका कसा कळणार?" साळिंदराने शांतपणे विचारले, "तुम्हाला ठाऊक होतं का?"

शिंपिणीला पटकन हो म्हणवेना. "ऐकलं होतं," ती हळूच म्हणाली.

तिने पानातून जकातीची बोरे काढून दिली, त्याने बांबू उचलला.

खारीचे झाड टेकाडावर होते. पिल्ले आदल्या दिवशीच झाली होती. सुक्या पाल्यावर ती एकमेकांना चिकटून पडली होती आणि खार त्यांच्यावर शेपूट पांघरून बसली होती. शिंपिणीला पाहून ती उठली नाही.

"मी झोळी आणली आहे," शिंपीण म्हणाली. "जकात भरून आणली आहे. आणि उरलेली ही बोरंही ठेवून घे. नाका आहे हे मला करकोचेदादांनी सांगितलं होतं. पण तुझी मागणी हातची जाईल म्हणून मी तो विषयच काढला नाही."

खारीने शेपूट पिल्लांवर नीट ओढून घेतले. मग म्हणाली, "मला बोरं परत नकोत गं. तुझ्या कष्टाची आहेत ती. तू आधी बोलली असतीस, तर मी मागणी मोडली नसती. चार दिवस जास्त फिरले असते, थोडी बोरं जास्त वेचली असती आणि नाक्यावर ताठ मानेनं आले असते."

शिंपिणीने ढोलीत झोळी टांगली, वाऱ्याच्या बाजूला पानाचा एक पदर जास्तीचा शिवला. खारीने एकेक पिल्लू उचलून कापसात ठेवले. शेवटचे पिल्लू आत गेल्यावर सगळ्यांची वळवळ थांबली आणि ती झोपली. "थांब जरा," खार म्हणाली. "लांबून आली आहेस. काहीतरी खाऊन जा."

घरी परतल्यावर शिंपिणीने पोपटांना बोलावले. "आता झोळीचं वर्णन कराल तेव्हा सगळं सांगायचं," ती म्हणाली. "झोळीची बोरं किती, करकोचेदादांची किती आणि नाक्यावर द्यायची किती. तिन्ही मिळून किती होतात तेही सांगायचं. मग ज्याला घ्यायची तो घेईल."

"मागण्या कमी होतील," एक पोपट म्हणाला.

"होऊ देत," शिंपीण म्हणाली. पण रात्री तिला त्याची थोडी काळजी वाटलीच.

आणि मागण्या खरेच कमी झाल्या. एका कबुतरीने एकूण बोरे ऐकली आणि सरळ मान फिरवली. दुसरीने गवताचे अंथरूण घेतले. काही दिवस शिंपिणीची चोच रिकामी होती. पण जी झोळी गेली, ती परत आली नाही. नाक्यावर कुणी कुरकुरले नाही. खारीने आपण होऊन शेजारच्या धनेशीणबाईंना सांगितले, त्यांनी आपल्या बहिणीला सांगितले. शिंपीण सांगते तेवढेच लागते, त्यावर एक बोर जास्त नाही, अशी तिची ख्याती झाली. पावसाच्या आधी तर तिला सावरीचा कापूस पुरेनासा झाला. कोल्ह्याचे खेकडे मात्र नाक्यावरून परत येऊ लागले आणि पुढे त्याच्याकडून कुणी काही मागवीनासे झाले.

एका सकाळी करकोचा धनेशिणीच्या बहिणीची झोळी घेऊन नाक्यावर उतरला. ती आधीच येऊन उभी होती. साळिंदराने तोंड उघडण्यापूर्वीच तिने जकातीची बोरे त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "एवढीच ना, काका?"

"एवढीच," साळिंदर म्हणाला आणि त्याने बांबू उचलला.

तात्पर्य : विकताना मालाचे गुण जितक्या आनंदाने सांगावे, तितक्याच मोकळेपणाने घेणाऱ्यावर पडणारा सगळा भारही आधीच सांगावा; तो भार जो लपवतो, तो गिऱ्हाईक आणि विश्वास दोन्ही गमावतो.