सावळीचं उजळणं

त्या राज्यात उजेड थोडा होता आणि अन्न त्याहून थोडं.

राज्य म्हणजे एक रोप होतं, एका थोरल्या वृक्षाच्या पायाशी उगवलेलं. थोरल्यानं वरचं आभाळ अडवलं होतं आणि खालची माती त्याच्याच मुळांनी चाटूनपुसून खाल्ली होती. रोपावरची पानं त्यातच निभावून नेत. सगळ्यांत खालच्या पेरावर सावळी राहायची. रुंद, पातळ, काळपट हिरवी. वाट चुकून आलेला कवडसा वाया जाऊ द्यायचा नाही, एवढं तिला येत होतं. त्या कवडशांवरच तिनं शेंड्यावरची गुंजा वाढवली. गुंजा कोवळी होती, अजून लालसर. ती सावळीला आई म्हणायची.

पानांची एकच आस होती, ऊन. "एकदा ऊन आलं की झालं," असं सगळी एकमेकांना सांगत.

मग एका वादळात थोरला उन्मळून पडला आणि ऊन आलं.

पानांनी अंग पसरलं. कुणी हसलं, कुणाला रडू फुटलं. सावळीनंही डोळे मिटून ते अंगावर घेतलं. इतकं सुख तिला सोसेना. दुपार कलली तेव्हा ते खरोखरच सोसत नव्हतं.

पानं उजेड झेलतात ती आपल्या हिरव्या हातांनी. झेलता झेलता ते हात मोडतात आणि मातीतून आलेल्या अन्नानं पुन्हा सांधावे लागतात. कवडशांच्या दिवसांत मोडायचं थोडं, सांधायचंही थोडं. आता मोडायचं फार, आणि अन्न मात्र पूर्वीइतकंच. शेजारच्या पानावर पांढरट चट्टे उठले. तरी कुणी तक्रार केली नाही. जन्मभर जे मागितलं, तेच बोचतं आहे असं सांगणार कोणत्या तोंडानं?

बोलली ती गुंजा. शेंड्यावर ऊन सगळ्यांत कडक होतं, आणि अंगावरची लाली, तिचं कोवळेपणीचं पांघरूण, विरत चालली होती.

"आई, मला भाजतंय गं. सगळ्यांना आवडतं, मग मलाच असं का होतं?"

"होईल सवय," सावळी म्हणाली. पण गुंजाची कड करपलेली तिनं पाहिली होती.

तिनं खाली मुळोबाला हाक मारली. मुळोबा म्हणजे रोपाचं मूळ. राज्याचं अन्न तोच आणायचा.

"मुळोबा, शेंड्याकडे थोडं जास्त पाठवा हो. पोर जळतेय."

"कुठून पाठवू बाई? दगड खरवडतोय मी," मुळोबा म्हणाला. "नाही म्हणायला मला तरी बरं वाटतं का?"

सावळीनं वर गुंजाच्या करपलेल्या कडेकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझ्यात आहे ते न्या."

"तुझ्यात?"

"हातांत आहे की. सोडवून देते."

"आणि तू उजेड कशानं झेलशील?"

"मला झाला की पुष्कळ."

मुळोबाला ठाऊक होतं, पुष्कळ झालेला नाही. पण त्याच्याकडेही दुसरा उपाय नव्हता.

सावळी आपला एकेक हिरवा हात उसवू लागली. जे निघेल ते देठातून वर पाठवू लागली. कडेपासून तिचा हिरवा रंग ओसरत गेला. खाली दडलेला पिवळा वर आला आणि उन्हात झळकू लागला.

"सावळे, सोन्यासारखी दिसतेस!" शेजारची पानं म्हणाली. "तुलाच मानवलं बघ ऊन."

वर गुंजाची करपलेली कड वाढायची थांबली. ती जाड झाली, दाट हिरवी झाली, उन्हाला तोंड देऊ लागली. एके सकाळी तिनं खाली वाकून पाहिलं आणि हरखली.

"आई, किती उजळलीस गं तू! मी उगाच घाबरत होते. तुला बघूनच मला धीर आला."

खरं काय ते सांगावं असं सावळीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण गुंजा हसत होती.

"हो बाळा," ती म्हणाली. "छान आहे ऊन."

त्यानंतर तिच्यात बोलण्याइतकंही उरलं नाही. वारा नसताना, भर दुपारी, देठ आपणहून सुटला. गुंजाचं तोंड तेव्हा सूर्याकडे होतं.

गुंजानं पुढे खूप हाका मारल्या. शेजारची पानं म्हणाली, झोपली असेल. मग गुंजा विचारायचीच थांबली. माती दवानं भिजत राहिली, किडामुंगी आपापलं काम करत राहिली.

एक दिवस खालून आलेला घोट घेताना गुंजा थबकली.

"मुळोबा, आज काय पाठवलंत? ओळखीचं वाटतंय काहीतरी."

मुळोबानं आणखी एक घोट वर ढकलला.

"पी, बाई," तो म्हणाला. "सगळं पी."

गुंजा प्यायली. खाली मातीवर एका पानाच्या शिरांची नुसती जाळी उरली होती, आणि ऊन तिच्यातून आरपार जात होतं.