कापडाचं बाळ

एकदा एक विद्यार्थिनी आपल्या वृद्ध गुरूंसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "मास्तर, मला काहीतरी एक सोडावं लागणार आहे. काय सोडू, तेवढं सांगा. तुम्ही सांगाल ते मी ऐकेन."

तिचं नाव शलाका. ती एका शहरातल्या नाट्यशाळेत शिकत होती. त्या नाट्यशाळेत दिवसा वर्ग चालत. रसविचार, आवाजाचा अभ्यास, नेपथ्य, रंगभूमीचा इतिहास. संध्याकाळी वर्ग रिकामे झाले की बाकडी भिंतीला सरकवून त्याच खोल्यांत मुलांच्या स्वतःच्या नाटकांच्या तालमी होत. शलाकाने एक एकांकिका लिहिली होती आणि मुख्य भूमिकाही तीच करत होती. बसवत होता तिचा वर्गमित्र भार्गव. स्पर्धा जवळ आली होती आणि परीक्षाही तेव्हाच होती.

आता तिची अडचण काय होती, ते ऐका. इतिहासाच्या तासाला ती बाकावर बसे, पण ओठ हलत असत ते संवादांसाठी. आणि संध्याकाळी तालमीत उभी राहिली की मध्येच तिच्या पोटात गोळा येई, की उद्याचा निबंध लिहायचा राहिलाय. एखाद्या दिवशी तालीम लांबली की दुसऱ्या दिवशी सकाळचा वर्ग बुडे. असे वर्ग बुडत गेले. मग विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "हजेरी भरत नाही तुमची. यापुढे एक जरी तास चुकला तर परीक्षेला बसता येणार नाही. नाटक करा नाहीतर शिक्षण करा. सोमवारी मला उत्तर हवं."

वर्ष गेलं असतं तर वडील तिला घरी घेऊन गेले असते. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "एक संधी देतोय, दुसरी मागू नकोस." आणि नाटक सोडलं असतं तर भार्गव आणि बाकीची मुलं तोंडघशी पडली असती, कारण तिची भूमिका आयत्या वेळी दुसरं कोण करणार? म्हणून ती मास्तरांकडे आली होती.

मास्तरांनी उभं आयुष्य रंगभूमीवर काढलं होतं. आता ते काम करत नसत. पण कुणी बोलावलं तर तालीम बघायला येत आणि कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसत. ते म्हणाले, "आधी तालीम बघतो. मग सांगतो."

त्या संध्याकाळी त्यांनी तालीम पाहिली. नाटकातली बाई परिचारिका असते. तिला रात्रपाळीला जायचं असतं. शेवटच्या प्रवेशात ती आपल्या तान्ह्या मुलीला थोपटून निजवते, शेजारणीला दोन शब्द सांगते आणि दाराबाहेर पडते. तिथे नाटक संपतं. तालमीत बाळ म्हणून एक जुनी चादर गुंडाळून ठेवलेली होती. शलाकाने चादरीवर दोन थापट्या मारल्या, शेवटचं वाक्य म्हटलं आणि विंगेत निघून गेली.

भार्गव कपाळावर हात मारून म्हणाला, "बघा ना मास्तर, सगळं नाटक चांगलं होतं आणि शेवटी काहीच होत नाही. मी रोज सांगतो हिला, तुझी एक्झिट पडते, रंगत नाही म्हणून."

"मग कशी करू? रडू का?" शलाका वैतागून म्हणाली.

मास्तर हसले. "बाळाला अफू दिलीयस का गं? भलतंच गाढ झोपतं तुझं."

सगळे हसले. शलाकाला मात्र हसू आलं नाही. ती खुर्चीजवळ येऊन हळूच म्हणाली, "मास्तर, माझं उत्तर?"

"उद्या दुपारी घरी ये."

"दोन ते चार मोकळी असते मी. चारला इतिहासाचा तास आहे, तो चुकवून चालणार नाही."

"दोनला ये."

शलाका दोनला गेली. तिला वाटलं, मास्तर आता जवळ बसवून घेतील, आपले जुने अनुभव सांगतील, काहीतरी मार्ग निघेल. मास्तर पडवीत कोथिंबीर निवडत बसले होते. त्यांची नात बाळंतपणानंतर मुलीला घेऊन आजोबांकडे आली होती. ती आतून आली ती हातात तेलाची वाटी आणि कडेवर मुलगी घेऊन. केस सोडलेले, डोळ्यांखाली जागरण.

मास्तर शलाकाला म्हणाले, "ही माझी पणती, चिमी. हिला निजव. हिच्या आईला डोक्यावरून न्हायचंय. चार दिवस झाले, जमत नाहीये बिचारीला."

शलाका बघतच राहिली. "मास्तर, मी... म्हणजे, आपण बोलणार होतो ना?"

"ती निजली की बोलू."

आता गुरूंना नाही कसं म्हणायचं? नातीने मुलगी तिच्या मांडीवर दिली. "दूध पिऊन झालंय, पोट भरलंय, झोपेलच आता," असं म्हणून ती न्हाणीघरात गेलीसुद्धा.

खोलीत गोधडी अंथरली होती. समोर भिंतीवर घड्याळ होतं. शलाकाने चिमीला गोधडीवर ठेवलं आणि थोपटायला लागली. तालमीत रोज करते तसंच. चिमीने डोळे मिटले. शलाकाने सुटकेचा श्वास सोडला, हात काढला आणि उठली. ती दाराशी पोचायच्या आत चिमी टक्क उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होती, आणि मग तिने भोकाड पसरलं.

पडवीतून आवाज आला, "उठली का?"

"उठली."

"बस परत."

शलाका परत बसली. थोपटता थोपटता तिने विचार केला, की वेळ वाया कशाला घालवा, संवाद तरी म्हणून घेऊ. ती पुटपुटायला लागली. रागाचा प्रवेश आला तशी थोपटायची गती वाढली. चिमी झोपायचं सोडून तिचे ओठ बघत बसली, जणू तिकीट काढून आली आहे.

मग शलाकाने संवाद थांबवले. पण आता तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं. काटा पुढे चालला होता. इथून नाट्यशाळेपर्यंत चालत जायचं, म्हणजे निघायला हवंच. तिने थोपटायचा जोर वाढवला. चिमीने हातपाय झाडले आणि रडून लाल झाली.

न्हाणीघराच्या दारातून नातीचा आवाज आला, "अगं, घाई करू नकोस! तुला घाई आहे हे कळतं तिला! मी डोक्याला शिकेकाई लावलीय, आत्ता येता येत नाही मला!"

"मला चारला वर्ग आहे हो, ताई!"

"ते तिला माहीत नाही ना!"

पडवीत मास्तर कोथिंबीर निवडतच होते. शलाकाला रडू यायला लागलं. तिने घड्याळाकडे पाठ केली. मनात म्हणाली, आता चुकला तर चुकला वर्ग, मी काय करणार. आणि चिमीशेजारी गोधडीवर आडवी झाली. पहिल्यांदा तिने मुलीकडे नीट बघितलं. चिमीची एक मूठ घट्ट मिटलेली होती. श्वास आधी भराभर चालत होता, मग जरा अडखळत, मग लांब लांब. शलाकाचा हात त्या श्वासाबरोबर चालायला लागला. थापट हळू झाली, मग नुसता हात छातीवर राहिला. मिटलेली मूठ आपोआप सैल पडली.

तरी शलाका उठली नाही. थोडा वेळ तशीच राहिली. मग आधी पाय गोळा केले, मग अंग उचललं. हात अजून तिथेच होता. शेवटी तिने हाताचा भार काढला, मग तळवा, मग बोटं. चिमीने ओठ चोखले आणि पुन्हा शांत झाली. शलाका तिच्याकडे बघत मागे मागे पावलं टाकत दारापर्यंत आली. दार ओढून घेताना तिने कडीचा आवाज होऊ दिला नाही.

पडवीत आली तेव्हा मास्तरांच्या हातात कोथिंबीर नव्हती. ते खिडकीतून बघत होते.

"झाली ना तुझी एक्झिट," ते म्हणाले.

शलाकाने आत वाकून घड्याळ बघितलं. तिला वाटलं होतं, चार वाजून गेले असतील. वर्गाला अजून वेळ होता.

मास्तर म्हणाले, "बस. आता तुझं उत्तर. तालमीत तुझं बाळ कापडाचं आहे. कसंही ठेव, कसंही ऊठ, ते निजलेलंच राहतं. त्यामुळे तुला अर्धवट उठायची सवय लागली. शेवटचं वाक्य तोंडात असतानाच तुझा खांदा विंगेकडे वळलेला असतो. आणि तीच सवय तू वर्गात नेलीस. तुला वाटलं, वर्गही कापडाचाच आहे. बाकावर जाऊन बसलं की झालं, तो काही रडत नाही. पण पोरी, तो रडतो. जरा उशिराने रडतो. तालमीत उभी राहिलीस की तुझ्या पोटात गोळा येतो ना? तो हाच. तू अर्धवट निजवून आलीस म्हणून मागून हाक मारतोय."

"पण मास्तर, विभागप्रमुख म्हणतात, एक काहीतरी निवड."

"माझ्या नातीला कुणी विचारतं का, की मूल निवडतेस की न्हाणं? दोन्ही तिचंच आहे. ती एकाजवळून उठते तेव्हा पूर्ण उठते, म्हणून दुसऱ्याजवळ जाऊ शकते. तू सगळीकडून अर्धी उठतेस. मग वेळ दुप्पट लागतो आणि हाती काहीच लागत नाही. आज बघितलंस ना? घाई केलीस तेवढा वेळ वाया गेला. घाई सोडलीस आणि वेळ उरला."

शलाकाने मनातली शंका विचारली. "आणि एखाद्या दिवशी ती निजलीच नाही तर?"

याला उत्तर मास्तरांनी दिलं नाही. नात ओले केस पंच्यात बांधत बाहेर येत होती, तीच म्हणाली, "तर त्या दिवशी केस तसेच राहतात. काय करणार? दुसऱ्या दिवशी धुवायचे."

मास्तर म्हणाले, "ऐकलंस? हेही उत्तरातच धर."

शलाका उठली, मास्तरांच्या पाया पडली आणि वर्गाला गेली. इतिहासाच्या तासाला तिचे ओठ हलले नाहीत. तास संपल्यावर सगळी मुलं भसकन बाहेर पडली तरी ती मिनिटभर बसून राहिली. काय ऐकलं ते मनात एकदा फिरवलं आणि मगच उठली.

सोमवारी ती विभागप्रमुखांना म्हणाली, "सर, दोन्ही करीन. एक तास चुकला तर नाटकातून माझं नाव मीच काढून टाकीन." त्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "बघू."

भार्गवला तिने सांगितलं, "तालीम ठरल्या वेळी संपवायची. आणि वर्गात मला नाटकाचं काही विचारायचं नाही."

"बापरे, मास्तरांनी गंडा बांधलेला दिसतोय," भार्गव म्हणाला. पण त्याने ऐकलं. नाटकात एक गाणं होतं, ते बसवायला वेळ पुरेना. दोघांनी मिळून ते काढून टाकलं. गाणं शलाकाचं आवडतं होतं. ती एवढंच म्हणाली, "आज केस तसेच राहिले." भार्गवला ते काही कळलं नाही.

पुढचा एकही तास तिने चुकवला नाही. परीक्षेला बसू दिलं. पेपर बरे गेले, फार चांगले नाही, पण वर्ष वाचलं. वडील न्यायला आले नाहीत, प्रयोग बघायला आले.

स्पर्धेच्या दिवशी मास्तर विंगेत उभे होते. शेवटचा प्रवेश आला. शलाकाने चादरीचं बाळ गोधडीवर ठेवलं आणि थोपटायला लागली. थापट हळू होत गेली. शेजारणीला सांगायचं वाक्य तिने इतक्या दबक्या आवाजात म्हटलं, की मागच्या रांगेतले लोक पुढे वाकले. मग तिने पाय गोळा केले, अंग उचललं, आणि हात मात्र बाळाच्या छातीवर राहिला.

नाट्यगृहात काहीही हलत नव्हतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका बाईंना खोकल्याची उबळ आली. त्यांनी झटकन पदर तोंडावर दाबला. डोळ्यांत पाणी आलं, खांदे हलले, पण त्यांनी खोकला बाहेर पडू दिला नाही. त्यांना भीती वाटली, की बाळ उठेल.

शलाकाने बोटं काढली. मागे मागे पावलं टाकत ती विंगेत आली. तिथे पोचल्यावरही एक क्षण ती तशीच उभी राहिली, त्या बाळाकडे बघत. मग तिने मास्तरांकडे वळून बघितलं.

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान डोलावली.

आपणही दिवसभरात किती ठिकाणांहून उठतो. जे अर्धवट निजवून आपण निघतो, तेच अर्ध्या वाटेवर हाक मारतं. म्हणून पाय कुठेही जायचे असोत, हात शेवटी काढावा.